वेग घेताना येणारा आवाज

धुळ्याच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा हेडमास्तरांनी माझी मुलाखत उभ्या उभ्या उरकली. खोलीसाठी झालेली मुलाखत मात्र दुपारभर चालली. घरमालकांनी मला ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः आत गेले. आतून एक आवाज आला, मग दुसरा, मग बराच वेळ काहीच नाही.

"काय काय ऐकलंत?" एकदम माझ्या मानेमागून प्रश्न आला.

मी दचकून म्हणालो, "आधी किल्ल्यांचा जुडगा वाजला. मग पितळी भांड्यावर काहीतरी घासलं."

"आणि मी अनवाणी चालत तुमच्या मागे आलो, ते?"

"ते नाही ऐकलं."

"असो. शिकवता काय?"

"गणित."

"मागच्या बाकावरची पोरं आपसात बोलतात ते ऐकू येतं?"

"नको इतकं."

"मग खोली घ्या," ते म्हणाले आणि माझ्यातला त्यांचा रस तिथेच संपला. भाडं, पाणी, सारवण वगैरे बाकीच्या क्षुल्लक गोष्टी त्यांच्या बायकोने माझ्याशी ठरवल्या.

त्यांना सगळं गाव आबा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागलो. आबा उंच, काटकुळे होते आणि डावा पाय किंचित ओढत चालत. डोक्यावरची काळी टोपी ते कानांना जराही लागणार नाही अशी मागे सारून घालत. थंडीत सगळं धुळं कानांना मफलर गुंडाळून फिरायचं, पण आबांचे कान बारा महिने उघडे. पूर्वी ते धुळे ते पारोळा उतारूंची सर्व्हिस मोटार चालवत असत. ती त्यांनी मी येण्याच्या बऱ्याच आधी मोडीत काढली होती आणि आता खोल्यांच्या भाड्यावर आणि शेतीच्या वाट्यावर त्यांचं बरं चाललं होतं. आवाज ऐकणं हा त्यांचा उद्योग होता. त्याचे ते कुणाकडून काही घेत नसत आणि त्यात कुणाला सवलतही देत नसत.

घरात शांततेचा अंमल होता. दारांच्या बिजागऱ्यांना दर शनिवारी भुईमुगाचं तेल पडे. माजघरातला झोपाळा त्याच्या कड्या कुरकुरतात म्हणून काढून माळ्यावर टाकला होता. पापडाला बंदी नव्हती, पण तो आमटीत भिजवून खायचा. माझी एक चप्पल चालताना चुटचुट वाजे. तिसऱ्या दिवशी ती चांभाराकडून परस्पर दुरुस्त होऊन आली आणि मी आभार मानायला गेलो तर आबा म्हणाले, "तुमच्यासाठी नाही केलं." इतर घरांत माणसं जेवताना श्लोक म्हणत. आबा जेवताना बेरिंग म्हणत. घास हातात धरून ते एखाद्या झिजलेल्या बेरिंगचा आवाज तोंडाने काढून दाखवत, मग तेच बेरिंग गाडी चढावर असताना कसं बोलेल ते काढून दाखवत. तोवर भाकरी गार होई. घरात मोकळेपणाने वाजायची परवानगी फक्त अक्कांच्या बांगड्यांना होती.

आबांची कीर्ती लांबवर होती. भुसावळचा एखादा टॅक्सीवाला, जळगावचे एखादे वकील, पारोळ्याचे डॉक्टर, असे कोणी ना कोणी मोटार घेऊन दारात उभे राहत. आबा प्रथम मालकाला तोंड बंद ठेवायला सांगत. आजाऱ्याच्या नातेवाइकाचं ऐकून दुखणं कळत नाही, असं त्यांचं मत होतं. मग ते मोटारीत बसत, ड्रायव्हरला पारोळा रस्त्यावर गाडी घ्यायला लावत आणि एका विशिष्ट क्षणी म्हणत, "आता दाब." ड्रायव्हर वेग वाढवी, आबा डोळे मिटून घेत. गाडी उभी असतानाचे आवाज ते विचारातच घेत नसत. "उभी गाडी कोणाचीही शहाणीच असते," ते म्हणत. "ओझं पडलं की बोलते." परत आल्यावर ते एका वाक्यात निदान सांगत. सायलेन्सरचा जोड सुटलाय. ठिणगी वेळेआधी पडतेय. मडगार्डचा नट गेलाय. निदान चुकल्याचं मी तरी पाहिलं नाही. त्यांना याचा गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

एकदा अमळनेरच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींची मोटार आली. मागून गुरगुर येत होती म्हणून त्यांच्या ड्रायव्हरने आपल्या बुद्धीने इलाज केला होता. दारांच्या पोकळ्यांत, सीटखाली, फळ्यांच्या फटींत, जिथे बोट जाईल तिथे त्याने रुई ठासली होती. रुई घरचीच, त्यामुळे हात आखडायचं कारण नव्हतं. गाडी खरोखरच मुकी झाली. फक्त मागच्या सीटवर बसलं की शेटजींच्या पायांना मुंग्या येत, म्हणून ते आबांकडे आले होते.

आबांनी सगळी रुई उपसायला लावली. ओसरीवर ढीग झाला आणि अक्कांनी त्यातून दोन उशा भरून घेतल्या. मग गाडी रस्त्यावर नेली, परत आणली आणि आबा आमच्या मिस्त्रीला एवढंच म्हणाले, "मागचं चाक काढ." हा मिस्त्री म्हणजे गावातल्याच मोगलाई भागातला एक वयस्क मुसलमान कारागीर. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादने चाक काढलं. आतल्या बेरिंगचा चुरा झाला होता आणि चाक धरून ठेवणारा नट शेवटच्या आट्यावर आला होता. उस्तादने तो दोन बोटांनी काढून आबांच्या हातात ठेवला.

मला वाटलं, आता आबा मिशीत हसतील. ते पायरीवर मटकन बसले.

"ज्यानं ओरडून सांगितलं त्याच्याच तोंडात बोळा कोंबलात?" ते शेटजींना म्हणाले. शेटजी आपल्या गावी मोठे असतील, पण इथे ते खाली मान घालून उभे राहिले. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. एका परक्याच्या नटापायी माणूस उपाशी का राहतो, हे मला कळलं नाही. मी ते त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खाती टाकलं आणि पापड भिजवून जेवलो.

एवढ्या मोठ्या वैद्याच्या स्वतःच्या घरात मात्र रोग ठाण मांडून होता. आबांची स्वतःची एक मोटार होती. जुनी, काळी, कॅनव्हासच्या छपराची. तिला एक आवाज होता. गाडी उभी असताना तो नसे, रमतगमत चालताना नसे, उतारावर नसे. वेग घेऊ लागली की पुढून कुठून तरी 'ठक्' व्हायचं आणि वेग घेऊन झाला की पुन्हा सगळं निवांत. हा 'ठक्' शोधण्यासाठीच आम्हा भाडेकरूंची निवड झाली होती, हे मला पहिल्या रविवारी समजलं.

दर रविवारी सकाळी मोहीम निघे. उस्ताद हँडल मारून गाडी सुरू करी आणि चालवायलाही तोच बसे, कारण आबा स्टिअरिंगला हात लावत नसत. ते पुढच्या मडगार्डवर बसत, एक हात दिव्याभोवती, कान बॉनेटवर. माझी नेमणूक डाव्या फुटबोर्डावर, वाकून, चाकाकडे कान करून. शेजारच्या खोलीत पोस्टातले तारमास्तर राहत. त्यांचा कान सरकारने तयार केलेला असल्यामुळे त्यांना मानाची जागा होती. ते मागच्या बाजूला घोंगडीवर पालथे झोपून तळाच्या फळीला कान लावत. अशा थाटात आम्ही गावातून जात असू. शाळेतली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून मला नमस्कार करत आणि मला एक हात सोडून तो घ्यावा लागे.

फागणं मागे पडलं की पुढे एक मोरी लागे. मोरीच्या अलीकडे गाडी वळवायची असा नेम होता. एकदा तारमास्तर घोंगडीवरून म्हणाले की आणखी थोडं पुढे गेलो तर चढ आहे, तिथे आवाज स्वच्छ मिळेल. आबा म्हणाले, "इथपर्यंतच." तारमास्तर सरकारी नोकर, त्यांनी हुकूम ऐकला.

परत आल्यावर ओसरीवर एकेकाची साक्ष होई. तारमास्तर सांगत, "एक लांब, दोन आखूड." मी सांगे, "चाकाचा नाही, वरचा आहे." आबा सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "पुढच्या रविवारी बघू." अक्का दारात उभं राहून हे ऐकत आणि मग आत निघून जात.

त्यांचं या आवाजाशी काय नातं होतं, ते मला चैत्र संपता संपता कळलं. मी मूळचा खानदेशातला नव्हे. इकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्यांना न्यायला माहेरचा माणूस येतो, भाऊ नाहीतर बाप. त्याला मुराळी म्हणतात. आमच्या आळीत आखाजीच्या आधी घराघरांसमोर छकडे सुटत आणि पाठोपाठ बायका नव्या लुगड्यांत निघून जात. आळीत अक्का एकट्या उरत.

अक्कांचं माहेर पारोळ्याला. बाप वारलेला, भाऊ नाही, म्हातारी आई एकटी. सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर दरवर्षी तिचा निरोप येई की औंदा तरी ये, मना डोया कमी व्हयनात, कान तं गयातच. अक्का तो निरोप ऐकून घेत, ड्रायव्हरला चहा देत आणि मग आबांसमोर जाऊन उभ्या राहत.

"दारात स्वतःची गाडी असताना माझी बायको सर्व्हिसमधे कोंबून माहेरी जाणार?" आबा म्हणत. "आवाज गेला की मी नेतो."

"आवाज तं बैलगाडीलेबी शे," अक्का म्हणाल्या. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण आबांच्या घरात न ऐकण्याची सोयच नव्हती.

"बैलगाडीचा आवाज वेगळा. त्यानं चाक निखळत नाही," आबा म्हणाले आणि तिथून उठून गेले. अक्का गव्हाच्या सुपापाशी बसून खडे वेचू लागल्या. बायकोला माहेरी न पाठवण्यासाठी नवरे अनेक सबबी सांगतात, पण मोटारीतला एक 'ठक्' ही सबब मी प्रथमच ऐकत होतो. मला आबांचा राग आला. तो राग मी रविवारी फुटबोर्डावर उभा राहून व्यक्त केला, म्हणजे नेहमीपेक्षा कमी वाकलो.

माझ्या दुसऱ्या वर्षी, आखाजीच्या आधीच्याच रविवारी, उस्तादला आवाज सापडला. इंजिन ज्या बोल्टांनी खाली जखडलेलं असतं त्यांतला एक सैल होता. गाडीने जोर घेतला की इंजिन त्या बाजूने किंचित उचललं जाई आणि परत बसताना आपटे. उस्तादने पान्याने बोल्ट आवळला. आम्ही पुन्हा आपापल्या जागी चढून फागण्यापर्यंत जाऊन आलो. तारमास्तर घोंगडीवरून उठले आणि म्हणाले, "लाइन क्लिअर."

अक्कांनी हे ऐकलं आणि आत जाऊन पेटी काढली. लगेच तळणीचा वास सुटला. सांजोऱ्या चालल्या होत्या, पारोळ्याला न्यायला. त्या दिवशी त्या गुणगुणत होत्या आणि आबांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं नाही. आबा ओसरीवर एका जागी बसून होते. मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कुणाच्या मयताला यायचं आमंत्रण दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाण्याला उठलो. नुकतं फटफटलं होतं. अंगणात मोटारीचं बॉनेट उघडं होतं आणि आबा त्यात वाकलेले होते. त्यांच्या हातात पाना होता. मी गणिताचा मास्तर असलो तरी बोल्ट कुठल्या बाजूला फिरवला की आवळतो एवढं मला माहीत आहे. आबा तो दुसऱ्या बाजूला फिरवत होते.

कळशी माझ्या हातातून घंगाळावर आदळली. आबांनी मान वर केली.

"कान चांगले आहेत म्हणून तुम्हाला खोली दिली, मास्तर," ते हळूच म्हणाले. "डोळ्यांचं मी विचारलं नव्हतं."

त्यांनी बॉनेट लावलं, इतक्या बेताने की काही वाजलं नाही, आणि ते आत गेले. सकाळी उस्तादला बोलावून गाडी बाहेर काढण्यात आली आणि वेग घेताना 'ठक्' झालं. आबा म्हणाले, "अजून आहे." अक्कांनी पेटी उघडून लुगडी परत फडताळात ठेवली. सांजोऱ्या आळीत वाटल्या. माझ्या वाटणीच्या मी तारमास्तरांना दिल्या.

मी उस्तादला गाठलं. तो त्याच्या दुकानापुढे बसून बिडी ओढत होता. मी काही सांगायच्या आधीच तो म्हणाला, "मास्तर, बोल्ट अपने आप सैल हो सकता है. पाने का निशान अपने आप नहीं पडता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हर साल ढूंढता हूं. तुम आए उसके पहले भी दो बार मिला था. फिर दूसरे दिन वापस."

मग त्याने मला ती गोष्ट सांगितली. आबांची सर्व्हिस मोटार होती तेव्हाची. एका आखाजीला अक्कांचे वडील मुराळी म्हणून धुळ्याला आले होते. आबांनी थाटात सांगितलं, छकडा कशाला, मी पोचवतो. बायकोला मागे बसवलं, सासऱ्यांना मानाने शेजारी पुढे बसवलं आणि स्वतः गाडी हाकली. फागण्यापुढच्या मोरीवर पुढचं चाक निघालं. गाडी उलटली. अक्कांना फार लागलं नाही, आबांचा पाय मोडला आणि सासरे जागच्या जागी गेले. तेव्हापासून आबांनी पारोळ्याचं तोंड पाहिलं नव्हतं आणि ते स्टिअरिंगलाही शिवले नव्हते.

"अपघात आहे," मी म्हणालो. "यात आबांचा काय दोष?"

उस्तादने बिडी विझवली. "वो मुझे नहीं मालूम. पुछना है तो उनको पुछो."

मी विचारलं नाही. ज्या माणसाने पाना माझ्या देखत उलटा फिरवला त्याला काही विचारायचं मला धैर्य नव्हतं. रोजच्यासारखे आम्ही सगळे त्या बिनआवाजाच्या घरात वावरत राहिलो.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी पारोळ्याकडून येणारी सर्व्हिस मोटार आळीच्या तोंडाशी थांबली आणि एक म्हातारी उतरली. हातात गाठोडं, पायांत काही नाही. ती घरं बघत, एकेका दारात वाकून पाहत येत होती. आमच्या ओट्याशी आली आणि अक्का आतून पळत बाहेर आल्या. "माय!" एवढंच त्या म्हणाल्या आणि दोघी मायलेकी ओट्यावरच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

आवाज झाला म्हणून आबा बाहेर आले. सासूला पाहिलं आणि दाराच्या चौकटीतच थबकले.

म्हातारीने अक्कांना बाजूला सारलं आणि आबांकडे तोंड केलं. बहिरी माणसं बोलतात तशी ती फार मोठ्याने बोलत होती, त्यामुळे आळीतल्या बायका दारांत आल्या. "जवाईबोवा, मी मन्ही आंडेरले लेवाले येल शे. घरमा मानूस नही, मुराळी कोनले धाडू? म्हनीसन मीच उनू."

लेकीला न्यायला मुराळी म्हणून म्हातारी विधवा आई आलेली कुणी पाहिली नव्हती.

"गाडीत आवाज आहे," आबा म्हणाले.

"काय?"

"गाडीत... आवाज आहे."

"कोनता आवाज? माले तं काही ऐकू नही ये." ती मोटारीपाशी गेली, तिच्या मडगार्डवर थाप मारली आणि म्हणाली, "चांगली तं शे."

आबा पायऱ्या उतरून तिच्यासमोर आले. ते काहीतरी पुटपुटले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि माझे कान परीक्षा दिलेले, तरी मला ऐकू आलं नाही. म्हातारीने कानाशी हात नेला. "काय म्हनतस?"

आबा पुन्हा बोलले, जरा मोठ्याने. म्हातारीने मान हलवली. तिला कळलं नव्हतं.

आणि मग या माणसाने, ज्याच्या घरात पापड भिजवून खावा लागे, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि तो ओरडला. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला. "त्या दिवशी पण आवाज येत होता! गाडीनं वेग घेतला की येत होता! मला ऐकू आला होता! पारोळ्याला गेल्यावर बघू म्हणालो! मी गाडी थांबवली नाही!"

तारमास्तर हातात तांब्या घेऊन दारात उभे होते, तसेच उभे राहिले. अक्का ओट्यावर होत्या. त्या अपघाताच्या वेळी मागेच बसलेल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कळत होतं की ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितली नव्हती. आबांवरचा माझा वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

म्हातारीने कानाशी नेलेला हात खाली घेतला. तिला ऐकू आलं होतं.

"थांबाले जोयजे व्हतं," ती म्हणाली.

आबांनी मान खाली घातली. म्हातारी ओट्यावर टेकली. तिने पाणी मागितलं. शेजारणीने तांब्या दिला, तो तिने वरूनच प्यायला, पदराने तोंड पुसलं आणि मग पुन्हा आबांकडे पाहिलं. आता ती फार मोठ्याने बोलत नव्हती.

"मन्हा मानूस गया. तो काही वापस नही ये. पन ही तं जित्ती शे ना? जठे थांबाले जोयजे व्हतं तठे थांबनात नही. मंग इले कसाले थांबाडी ठेवं इतल्या आखाज्या?"

अक्का उठल्या आणि आत निघून गेल्या आणि आतून दाराची कडी लागली. बापाच्या मरणाचं खरं कारण असं भर आळीत कळल्यावर ती बाई त्या माणसाबरोबर कुठे जाईल असं मला वाटेना. आईबरोबर सर्व्हिसने जाईल आणि कदाचित परतही येणार नाही, असं तारमास्तर माझ्या कानात म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

आबांनी बॉनेट उघडलं. पाना घेतला आणि या खेपेला बोल्ट बरोबर दिशेला फिरवला. जोर लावून, दात ओठ खाऊन आवळला. मग प्रत्येक चाकापाशी जाऊन एकेक नट तपासला. सगळं झाल्यावर त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते हातात पाना घेऊन मोटारीपाशी उभे राहिले. कुणीतरी उस्तादला बोलावून आणलं होतं. तो सवयीने हँडलपाशी गेला आणि थांबला.

खूप वेळाने कडी निघाली. अक्का बाहेर आल्या. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं, डोळे सुजलेले होते आणि हातात पेटी होती. त्यांनी आईला धरून मागच्या सीटवर बसवलं, पेटी तिच्या पायाशी ठेवली. मागे जागा होती, पण त्या पुढे आल्या आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. त्यांचा बाप त्या दिवशी तिथेच बसला होता.

उस्तादने हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. मी सवयीने फुटबोर्डावर पाय ठेवला.

"मास्तर, तुम्ही ऱ्हा," अक्का म्हणाल्या. मी पाय काढून घेतला.

उस्ताद चालवायला आत चढू लागला. अक्कांनी त्याला हाताने थांबवलं आणि बाहेर उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं. इंजिन नुसतं चालू होतं.

"तुम्हीच चालाडा," त्या म्हणाल्या. "आवाज उना तं थांबा."

आबांनी पाना उस्तादच्या हातात दिला आणि ते स्टिअरिंगवर बसले.